अक्षर, स्वर आणि आघात : नाशिकमधील दोन पाठपरंपरा आणि इंग्रजी शब्दाचे विभाजन

प्रस्तावना

नाशिक येथे नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली. तिच्याबरोबर एक लांबलचक इंग्रजी शब्द शहराच्या नित्य व्यवहारात आला. तो शब्द म्हणजे ‘म्युनिसिपॅलिटी’. पाणीपट्टी, दिवाबत्ती, शाळा आणि यात्रेकरूंची व्यवस्था अशा अनेक निमित्तांनी तो लोकांच्या तोंडी बसला. १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी जुन्या पिढीच्या बोलण्यात हा शब्द दीर्घकाळ टिकून राहिला. मात्र ज्या रूपात तो बोलला गेला ते ‘मुनसिपालटी’ असे होते. मूळ इंग्रजी शब्दात उच्चाराची सहा अक्षरे आहेत, तर लोकांच्या उच्चारात चारच उरली.

सहाची चार अक्षरे होणे हा सर्वसाधारणपणे अपभ्रंश मानला जातो आणि अपभ्रंश म्हणजे अज्ञान असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. लांब इंग्रजी शब्दाची अक्षरे कोठे तोडावीत आणि आघात कोणत्या अक्षरावर द्यावा, हा प्रश्न मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला आजही अडवतो. त्याचे इंग्रजी व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही ऐकणाऱ्याला कळत नाही, किंवा कळले तरी हसू येते. हा दोष विद्यार्थ्याच्या जिभेचा आहे की शिकवण्याच्या पद्धतीचा, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा नसून शिक्षणाच्या इतिहासाचाही आहे. नाशिकच्या संदर्भात तो अधिक लक्षवेधी ठरतो. शब्दाची अक्षरे पाडणे आणि प्रत्येक अक्षराचा स्वर निश्चित करणे या विषयाचे अत्यंत सूक्ष्म शास्त्र या नगरीत शतकानुशतके मुखोद्गत होते. ते इंग्रजीच्या वर्गापर्यंत का पोहोचले नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. वेदपाठातील अक्षरविचार

गोदातीरावरील नाशिक व पंचवटी हे वेदाध्ययनाचे जुने केंद्र. येथील वैदिकांमध्ये शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे अध्ययन विशेष प्रचलित राहिले आहे. या शाखेच्या पठणाची काही वैशिष्ट्ये ऐकणाऱ्याच्या चटकन ध्यानात येतात. ‘ष’चा उच्चार अनेक ठिकाणी ‘ख’ असा होतो आणि उदात्त, अनुदात्त व स्वरित हे तीन स्वर हाताच्या हालचालींनी दाखविले जातात. विद्यार्थी मंत्र म्हणत असताना त्याचा हात प्रत्येक अक्षराबरोबर हलतो. त्यामुळे अक्षर चुकले तर कानाला कळते आणि स्वर चुकला तर डोळ्यांनाही दिसते.

या पठणामागे प्रातिशाख्यांचे शास्त्र आहे. शुक्ल यजुर्वेदाचे प्रातिशाख्य कात्यायनाच्या नावावर असून ते वाजसनेयी प्रातिशाख्य म्हणून ओळखले जाते. अक्षर म्हणजे काय, याचे उत्तर त्यात मोजक्या सूत्रांत दिलेले आहे. त्याचा आशय असा की, स्वर हाच अक्षराचा गाभा होय. त्याच्या आधी येणारे व्यंजन त्या स्वरात मिळते. शब्दाच्या शेवटी उरलेले व्यंजन मागील स्वराला जोडले जाते. दोन स्वरांच्या मध्ये व्यंजनांचा संयोग आला तर त्यातील पहिले व्यंजन मागच्या अक्षरात जाते. ‘पुष्प’ या शब्दाची फोड ‘पु-ष्प’ अशी न होता ‘पुष्-प’ अशी होते ती यामुळेच. संयोगातील इतर व्यंजनांविषयी निरनिराळ्या प्रातिशाख्यांत मतभेद आहेत. परंतु शब्द डोळ्यांनी न तोडता कानांनी तोडावा, हे तत्त्व सर्वत्र समान आहे.

स्वराच्या बाबतीतही असाच नेमकेपणा आढळतो. वैदिक स्वर हा मुख्यतः आवाजाच्या उंचसखलपणाचा आहे. इंग्रजीतील आघातात जोर, लांबी आणि उंची या तिन्हींचे मिश्रण असते. त्यामुळे हे दोन्ही एकच आहेत असे म्हणता येणार नाही. मात्र त्यांच्या मांडणीत विलक्षण साम्य आहे. पाणिनीने सांगितल्याप्रमाणे एका पदात एकच अक्षर प्रधान स्वराचे असते आणि बाकीची सर्व अनुदात्त होतात. इंग्रजी शब्दातही मुख्य आघात एकाच अक्षरावर येतो आणि इतर अक्षरे त्याच्यापुढे दबतात. दुसरे साम्य याहून महत्त्वाचे आहे. पाणिनीच्या व्यवस्थेत पदाचा स्वर पुष्कळदा प्रत्यय ठरवतो. ञ् किंवा न् हा वर्ण इत् असलेला प्रत्यय लागल्यास शब्दाचे पहिले अक्षर उदात्त होते, तर च् इत् असल्यास शेवटचे. प्रत्ययावर अशी खूण करून ठेवली की लाखो शब्दांचा स्वर स्वतंत्रपणे पाठ करण्याची गरज उरत नाही.

पाठांच्या प्रकारांतही विभाजनाची हीच दृष्टी दिसते. संहितापाठात सलग असलेले शब्द पदपाठात सुटे केले जातात आणि सामासिक पदांचे घटक अवग्रहाने वेगळे दाखविले जातात. घनपाठात तीन पदे घेतली तर प्रथम पहिले-दुसरे, मग दुसरे-पहिले, त्यानंतर पहिले-दुसरे-तिसरे, पुन्हा उलट तिसरे-दुसरे-पहिले आणि अखेरीस सुलट तिन्ही, असा क्रम चालतो. युनेस्कोने २००३ साली वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीच्या मौखिक वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून गौरविले, त्यामागे या पाठप्रकारांनी साधलेल्या बिनचूक जतनाचा मोठा वाटा आहे.

२. इंग्रजी शाळेतील शब्दाची फोड

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळा आली ती पुस्तकासह आली. इंग्लंड व अमेरिकेत मुलांना वाचन शिकवण्याची रूढ पद्धत स्पेलिंगच्या पुस्तकांची होती. शब्द अक्षरागणिक तोडून छापायचा, प्रत्येक तुकड्याचे स्पेलिंग म्हणायचे आणि शेवटी सर्व तुकडे जोडून शब्द उच्चारायचा, असा तिचा क्रम असे. ही फोड कोठे करावी यावर तिकडेही एकमत नव्हते. टॉमस डिल्वर्थ याच्या १७४० मधील पुस्तकाच्या पद्धतीत ‘क्लस्टर’ हा शब्द ‘क्ल-स्टर’ असा तोडला जाई. नोआ वेब्स्टर याने १७८३ साली आपले स्पेलिंगचे पुस्तक प्रसिद्ध करताना ही पद्धत नाकारली आणि मुलांच्या कानाला पटेल अशी ‘क्लस्-टर’ ही फोड स्वीकारली. ‘नेशन’सारख्या शब्दांतील ‘शन’ हा भाग जुन्या पद्धतीत दोन अक्षरांचा धरला जाई. तोही त्याने उच्चाराप्रमाणे एक अक्षर मानला.

वेब्स्टरचा ‘क्लस्-टर’ आणि प्रातिशाख्याचा ‘पुष्-प’ यांमागील निर्णय एकच आहे, तो म्हणजे संयोगातील पहिले व्यंजन मागच्या अक्षराला द्यावे. वेब्स्टरने हा नियम भारतीय परंपरेतून घेतला असे मानण्यास कोणताही आधार नाही. कानाला प्रमाण मानणारे दोन वेगवेगळ्या काळांतील अभ्यासक एकाच जागी येऊन पोहोचले, एवढाच त्याचा अर्थ. मात्र इंग्रजीत हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. ‘एप्रिल’ या शब्दात पहिला स्वर दीर्घ असल्याने इंग्रजी कान ‘ए-प्रिल’ अशी फोड करतो. संस्कृतच्या नियमाने ती ‘एप्-रिल’ अशी झाली असती. यावरून एक नियम जसाच्या तसा दुसऱ्या भाषेला लावता येत नाही, हे स्पष्ट होते. नियम शोधण्याची पद्धत मात्र उसनी घेता येते.

इंग्रजी कोशांत ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठी दिलेली फोड आणि उच्चारातील अक्षरे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. अमेरिकन मुद्रणात शब्द साधारणपणे उच्चारानुसार तोडला जातो, तर ब्रिटिश मुद्रणाच्या जुन्या परंपरेत व्युत्पत्तीला अधिक मान होता. त्यामुळे ‘डेमॉक्रसी’ हा शब्द एकीकडे ‘डेमॉक’ या भागानंतर तुटतो आणि दुसरीकडे ‘डेमो’नंतर. ‘म्युनिसिपॅलिटी’ शब्दाची छापील फोड पाहिली तर त्यातील ‘स’ आणि ‘ल’ ही व्यंजने मागील ऱ्हस्व स्वराला चिकटवलेली दिसतात. उच्चारात ती पुढच्या स्वराबरोबर येतात असेही मानता येते. अशी फोड हा जुळाऱ्याच्या सोयीचा संकेत असतो. तिलाच उच्चाराचा नियम समजणारा विद्यार्थी गोंधळून जातो.

महाराष्ट्रातील वर्गात या सर्वांचे आणखी सोपे रूप रूढ झाले. ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ अशी घोकंपट्टी कित्येक पिढ्यांनी केली. छोट्या शब्दांना ती पुरेशी होती, कारण एका अक्षराच्या शब्दात आघात कोठे द्यावा हा प्रश्नच उद्भवत नाही. सहा अक्षरांचा शब्द आला की ही पद्धत थिटी पडते. स्पेलिंग पाठ होते, अर्थ पाठ होतो आणि त्या दोहोंच्या मधला आवाज तेवढा हरवतो.

३. देवनागरीची मदत आणि तिची मर्यादा

या हरवलेल्या आवाजाची जागा देवनागरीने भरून काढली. इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहून देणे ही मार्गदर्शक पुस्तकांची सर्वमान्य रीत झाली. देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी असल्याने ही मदत मोलाची आहे. परंतु तिच्यात एक अडचण आहे. इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात त्याला मराठीत ‘अक्षर’ हाच शब्द रूढ आहे आणि लिपीतील चिन्हालाही ‘अक्षर’च म्हणतात. या दोन गोष्टी मराठीतही एकरूप नाहीत. ‘कमळ’ या शब्दात लिपीची अक्षरे तीन आहेत, पण बोलताना ‘क-मळ’ अशी दोनच होतात. ‘करवत’ लिहिताना चार अक्षरे आणि बोलताना ‘कर-वत’ अशी दोन. मातृभाषेत ही तफावत कोणालाही अडवत नाही, कारण शब्द कानाने आधीच आत्मसात केलेला असतो. परभाषेतील शब्द मात्र आधी डोळ्यांना भेटतो.

‘म्यु-नि-सि-पॅ-लि-टी’ असे लिहिले की सहाही अक्षरे एका ओळीत समान मानाने उभी राहतात. त्यातील ‘पॅ’ सर्वांत ठळक आहे, ‘नि’वर दुय्यम आघात आहे आणि बाकीची चार दुबळी आहेत, ही माहिती लिपी देत नाही. किंबहुना दुबळ्या अक्षरांतील अस्पष्ट स्वराच्या जागी पूर्ण स्वर लिहून ती दिशाभूलही करते. ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफी’ आणि ‘फोटोग्राफिक’ हे तीन शब्द मराठीत जवळजवळ सारखेच लिहिले व बोलले जातात. इंग्रजीत मात्र पहिल्याचा आघात ‘फो’वर, दुसऱ्याचा ‘टॉ’वर आणि तिसऱ्याचा ‘ग्रॅ’वर पडतो. आघात सरकताच स्वरही बदलतात आणि ‘फोटोग्राफी’ ही ‘फटॉग्रफी’ होते. जो विद्यार्थी हे तिन्ही शब्द एकाच ठेक्यात म्हणतो, त्याला सहा-सात अक्षरांच्या शब्दात इंग्रजी श्रोता हरवतो, कारण त्या श्रोत्याचा कान आधी आघात शोधतो आणि मग शब्द ओळखतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. अशोक रा. केळकर यांनी १९५७ साली मराठी भाषकांच्या इंग्रजीवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि परभाषेवर पडणारी मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेची छाया हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे, हे दाखवून दिले. हैदराबाद येथे १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत रा. कृ. बन्सल यांनी भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेचा अभ्यास केला. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शब्दातील चुकीचा आघात हे न कळण्याचे एक प्रमुख कारण असल्याचे आढळले. व्यंजनांचे भारतीय वळण ऐकणाऱ्याला काही वेळाने सवयीचे होते. आघाताची जागा चुकली की शब्दच वेगळा वाटू लागतो.

४. लोकांच्या तोंडचा शब्द

आता ‘मुनसिपालटी’कडे पुन्हा वळता येईल. या रूपाची फोड ‘मुन-सि-पाल-टी’ अशी होते. मूळ शब्दात मुख्य आघात ‘पॅ’वर आहे. मराठी रूपात नेमक्या त्याच जागी दीर्घ ‘आ’ आला आहे. त्यामागून येणाऱ्या ‘लि’मधील दुबळा इकार गळून पडला आहे. याचा अर्थ असा की ज्यांनी हा शब्द पुस्तकातून न घेता ऐकून घेतला, त्यांच्या कानाने आघात टिपला आणि मराठीत आघाताने अर्थभेद होत नसल्याने त्याचे रूपांतर लांबीत केले. दुय्यम आघाताचा ‘नि’ मात्र टिकला नाही. तेथे मराठीच्या उच्चारसवयीने ‘मुनि’चे ‘मुन’ केले. मुख्य आघात राखला गेला, दुय्यम हरवला.

याच काळात या प्रदेशात रूढ झालेल्या इतर शब्दांतही ही प्रवृत्ती आढळते. १८६०च्या दशकात लोहमार्ग आला आणि ‘प्लॅटफॉर्म’चा ‘फलाट’ झाला. त्यात आघाताचे ‘प्लॅट’ दीर्घ होऊन राहिले आणि आघातहीन ‘फॉर्म’ नाहीसा झाला. ‘स्टेशन’चे ‘टेसन’ झाले, तरी आघाताचा ‘टे’ हलला नाही. कचेरीतील ‘डेप्युटी’चा ‘डिप्टी’ झाला, त्यात मधले दुबळे अक्षर गळाले. अर्थात प्रत्येक शब्द या वाटेने गेला नाही. ‘तिकीट’ या शब्दात इंग्रजी आघात पहिल्या अक्षरावर असूनही मराठीत दुसरे अक्षर दीर्घ झाले, कारण अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ करण्याची मराठीची स्वतःची प्रवृत्ती तेथे प्रभावी ठरली. ‘पॅ’चा ‘पा’ होण्यातही मराठीत त्या काळी ‘ॲ’ हा स्वर रुळलेला नसणे हे एक कारण आहे. तथापि आघातयुक्त अक्षराचा स्वर इंग्रजीत पूर्ण व ठसठशीत उच्चारला जातो आणि आघातहीन अक्षराचा पुसट होतो. तो फरक अशिक्षित म्हटल्या गेलेल्या कानांनी ओळखला, एवढे निश्चित म्हणता येते. शाळेत इंग्रजी शिकलेल्याने ‘म्यु-नि-सि-पा-लि-टी’ असे सहा समान ठोके दिले आणि शाळेबाहेरच्या माणसाने चारच अक्षरांत आघाताची जागा सांभाळली, हा विरोधाभास शिक्षणपद्धतीविषयी बरेच काही सांगून जातो.

५. एकाच नगरीतील दोन बंद दारे

वेदपाठशाळेतील अक्षरविचार आणि इंग्रजी शाळेतील शब्दविचार हे एकाच गावात असूनही एकमेकांना भेटले नाहीत. याचे पहिले कारण अधिकाराचे होते. धर्मशास्त्राने वेदाध्ययन उपनयन झालेल्या पुरुषांपुरते मर्यादित केले. स्त्रिया व शूद्र त्यातून वगळले गेले. अक्षर, स्वर आणि मात्रा यांचे जे ज्ञान कोणत्याही भाषेच्या अभ्यासाला उपकारक ठरले असते, ते मंत्राच्या पावित्र्याबरोबर कुलूपबंद झाले. ज्या नगरीत काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना तो पुढे अनेक वर्षे चालवावा लागला, त्या नगरीत प्रातिशाख्य सर्वांसाठी खुले असणे शक्यच नव्हते.

इंग्रजी शाळेचे दार तत्त्वतः सर्वांना मोकळे होते. नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात वसवलेल्या वसाहतीत गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनाही शिक्षण मिळाले. त्यांपैकी जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या १८७३ मधील मृत्यूसमयी त्याच्या ताफ्यात होता. त्याने त्या प्रवासाची दैनंदिनी इंग्रजीत लिहिली आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीस तो उपस्थित राहिला. ज्यांना वेदाचा शब्द कानी पडणेही निषिद्ध मानले गेले असते, अशांना इंग्रजीने जगाशी बोलण्याची संधी दिली, हे नाकारता येत नाही. मात्र या उघड्या दारातून जे आत गेले त्यांच्या हाती स्पेलिंगचे पुस्तक आले, अक्षरशास्त्र नव्हे. जेथे शास्त्र होते तेथे प्रवेश नव्हता आणि जेथे प्रवेश होता तेथे शास्त्र नव्हते, अशी ही स्थिती होती.

दुसरे कारण ज्ञानव्यवहाराच्या वळणाचे आहे. प्रातिशाख्ये याच काळात युरोपात पोहोचली. आल्ब्रेख्त वेबर याने वाजसनेयी प्रातिशाख्य १८५८ साली जर्मन भाषांतरासह प्रसिद्ध केले. अमेरिकेतील विल्यम ड्वाइट व्हिटनी याने अथर्ववेदाचे प्रातिशाख्य १८६२ साली आणि तैत्तिरीय प्रातिशाख्य १८७१ साली संपादिले. त्याच व्हिटनीने स्वतःच्या इंग्रजी उच्चारांचे बारकाईने विश्लेषण करणारा निबंधही लिहिला. जे. आर. फर्थ याने १९४६ साली इंग्लंडमधील ध्वनिशास्त्राच्या इतिहासाचा आढावा घेताना, विल्यम जोन्सने परिचय करून दिलेल्या भारतीय वैयाकरणांशिवाय एकोणिसाव्या शतकातील तेथील ध्वनिशास्त्राची कल्पना करणे कठीण आहे, असे मत नोंदविले. सिद्धेश्वर वर्मा यांचा भारतीय ध्वनिविचारावरील ग्रंथ १९२९ साली लंडनहून निघाला आणि डब्ल्यू. एस. ॲलन याचा १९५३ साली. डॅनिअल जोन्सचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ पासून उपलब्ध होता. अशा रीतीने अक्षरविचार गोदातीरावरून थेट इंग्रजीच्या वर्गात न येता बर्लिन, न्यू हेवन आणि लंडन असा फेरा घेऊन, ध्वनिशास्त्र या नव्या नावाने, महाविद्यालयीन अभ्यासक्रमात परतला. तो परतला तेव्हा त्याची ओळख बहुतेकांना पटली नाही.

६. मराठी छंदःशास्त्राचा जवळचा मार्ग

या दोन दारांच्या मध्ये एक तिसरी वाट होती आणि ती सर्व विद्यार्थ्यांना खुली होती. ती म्हणजे मराठी व्याकरणातील वृत्तविचार. लघू, गुरू, गण आणि मात्रा ही परिभाषा शालेय मराठीत शिकवली जाते. जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू मानावे, मात्र त्यावर आघात येत नसेल तर लघूच मानावे, हा नियम विद्यार्थी पाठ करतो. ‘पुष्प’मधील ‘पु’ गुरू आणि ‘तुम्ही’मधील ‘तु’ लघू, हे त्याला ठाऊक असते. येथे ‘आघात’ हा शब्दच वापरलेला आहे आणि त्यामागे प्रातिशाख्यातील अक्षरविभाजनाचाच न्याय आहे. माधव ज्यूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्यरचनेची छंद, जाती व वृत्त अशी वर्गवारी करून या विषयाला आधुनिक शिस्त दिली. त्याची विस्तृत आवृत्ती १९३७ साली प्रसिद्ध झाली. मराठीच्या तासाला लघुगुरूची चिन्हे काढणारा विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला त्याच हाताने आघाताची चिन्हे काढू शकला असता. तसे घडले नाही, कारण दोन तासांच्या मध्ये घंटा होते आणि दोन विषयांचे शिक्षक वेगळे असतात.

इंग्रजी आघाताला नियमच नाहीत, तो शब्दागणिक पाठ करावा लागतो, अशी समजूत दीर्घकाळ होती. नोम चॉम्स्की व मॉरिस हॅले यांच्या १९६८ मधील इंग्रजी ध्वनिव्यवस्थेवरील ग्रंथाने ती बऱ्याच अंशी दूर केली. लॅटिनच्या वळणाने जाणाऱ्या शब्दांमध्ये उपान्त्य अक्षर जड असेल तर आघात त्यावर पडतो आणि हलके असेल तर त्याच्या मागच्या अक्षरावर, हा त्यातील एक महत्त्वाचा नियम. जड आणि हलके म्हणजे अन्य काही नसून गुरू आणि लघू होत. ‘अ-जेन्-डा’ या शब्दात उपान्त्य ‘जेन्’ गुरू आहे, म्हणून आघात तेथे. ‘अ-मे-रि-का’ या शब्दात उपान्त्य ‘रि’ लघू आहे, म्हणून आघात मागे सरकून ‘मे’वर जातो. प्रत्ययांची व्यवस्थाही तितकीच सुबोध आहे. ‘इटी’ हा प्रत्यय लागला की आघात त्याच्या लगतच्या मागील अक्षरावर येतो. म्हणून ‘म्युनिसिपल’मध्ये ‘नि’वर असलेला आघात ‘म्युनिसिपॅलिटी’मध्ये ‘पॅ’वर जातो आणि ‘युनिव्हर्सिटी’मध्ये ‘व्हर्’वर येतो. ‘एशन’ प्रत्ययात आघात ‘ए’वरच असतो. ‘एक्झॅमिनेशन’ आणि ‘प्रनन्सिएशन’ हे शब्द त्याची उदाहरणे होत. ‘इक’ प्रत्ययापूर्वीचे अक्षर बहुधा आघाताचे असते. प्रत्यय स्वर ठरवतो, हा पाणिनीचा दृष्टिकोन ज्याला माहीत आहे त्याला यात नवीन असे फार थोडे आहे.

या नियमांना अपवाद आहेत आणि खास इंग्रजी मूळ असलेले शब्द वेगळ्या वाटेने जातात. तरीही मराठी विद्यार्थ्याला महाविद्यालयात अडवणारे लांब शब्द प्रामुख्याने लॅटिन व ग्रीक वळणाचे असतात आणि त्यांपैकी पुष्कळांना प्रत्ययांचे चार-पाच नियम पुरे पडतात. सरावासाठी शब्द शेवटाकडून बांधत जाण्याची रीत भाषाशिक्षणात परिचित आहे. ‘टी’, ‘लिटी’, ‘पॅलिटी’, ‘सिपॅलिटी’ असे म्हणत गेल्यास आघाताचे अक्षर प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा घोटले जाते. आवर्तनाने आणि उलटसुलट म्हणण्याने ध्वनी पक्का होतो, हे घनपाठानेही दाखवून दिलेले आहे.

समारोप

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवण्यास सुरुवात झाली. त्यामुळे इंग्रजीचा उच्चार हा आता मूठभर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा प्रश्न राहिलेला नाही. खेड्यातील पहिलीचे मूल आणि त्याचे शिक्षक या दोघांचा तो प्रश्न आहे. मुलाखतीत किंवा परिसंवादात ज्या क्षणी एखादा लांब शब्द चुकीच्या ठेक्यात उच्चारला जातो, त्या क्षणी बोलणाऱ्याचा विषय बाजूला पडतो आणि त्याची शाळा, गाव व घर यांची मोजणी सुरू होते. हा अन्याय केवळ सहानुभूतीने दूर होणार नाही.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, लांब शब्दाची अक्षरे पाडण्याचे व त्यातील प्रधान अक्षर ओळखण्याचे शास्त्र या भूमीत प्राचीन काळापासून होते, परंतु अधिकारभेदामुळे ते समाजाचे झाले नाही. दोन, इंग्रजी शाळेने दार उघडले, पण डोळ्यांवर भिस्त ठेवून कानाकडे दुर्लक्ष केले. तीन, ज्यांना दोन्ही ठिकाणी कमी लेखले गेले त्या सामान्य माणसांच्या कानाने मात्र आघात बऱ्याच अंशी अचूक टिपला. मराठी आणि इंग्रजी या दोन विषयांच्या अध्यापकांनी लघुगुरू व आघात यांचा पाठ एकत्र आखला, तर विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असलेल्या ज्ञानावर नवे ज्ञान उभे करता येईल. त्यासाठी वेगळ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. फळ्यावर ‘मुनसिपालटी’ हा शब्द लिहून तो बोलणाऱ्याला हसण्याऐवजी त्याने ‘पा’ लांब का केला असेल, एवढा प्रश्न वर्गाला विचारला तरी आरंभ होऊ शकतो.